कंदाष्टमी साऱ्या जंगलाची कशी झाली

एका जंगलात, बाळांनो, सगळेच बाहेरून आलेले होते. कोणी दोनशे पावसाळ्यांपूर्वी आले होते, कोणी परवा. जे आधी आले ते स्वतःला इथलेच म्हणवून घेत, आणि जे नंतर आले त्यांना 'तुम्ही मूळचे कुठले?' असं फार प्रेमानं विचारत. काही जण खरोखरच पहिल्यापासून तिथले होते. त्यांना मात्र कोणीच काही विचारत नसे.

हे जंगल सात नद्यांच्या पलीकडे होतं. खाऊनपिऊन सुखी होतं. तिथे एकच नियम कडक होता. कोणी 'कसं काय?' म्हटलं की 'मस्त!' म्हणायचं. पाय मोडला असला तरी मस्त. बीळ वाहून गेलं असलं तरी मस्त. म्हाताऱ्या अस्वलाची बायको त्याला सोडून गेली, तेव्हा वाटेत भेटेल त्यानं त्याला विचारलं, "कसं काय?" अस्वल म्हणालं, "मस्त!" मग सगळे आपापल्या कामाला लागले.

तर अशा या जंगलात साळिंदरं आली. साळिंदर माहीत आहे ना तुम्हाला? अंगभर काटे, बारीक डोळे आणि जमिनीखालचं नेमकं हुडकून काढणारं नाक. स्वभावानं तसं गरीब. फक्त जवळ जाताना जरा बेतानं जावं. त्यांना खोदकाम उत्तम येई, म्हणून जंगलानं त्यांना बोलावून घेतलं होतं. दिवसभर ती दुसऱ्यांची बिळं खोदत आणि संध्याकाळी स्वतःच्या बिळात बसून म्हणत, "आपल्याकडच्या मातीची सर नाही हो या मातीला."

तीन साळिंदरं एकत्र आली की मंडळ स्थापन होई. चौथं आलं की मंडळ फुटे. त्या जंगलात साळिंदरांची दोन मंडळं होती. खिरीत जायफळ घालावं की वेलदोडा, यावरून ती वेगळी झाली होती आणि आता एकमेकांच्या लग्नकार्यालाही जात नसत. आपली गोष्ट जायफळवाल्यांची आहे. वेलदोडेवाल्यांची गोष्ट वेलदोडेवाल्यांनी सांगावी, आपण कशाला त्यात पडा?

या जायफळ मंडळाचे चिटणीस होते अच्युतराव साळिंदर. अठरा वर्षं होते. दर वर्षी ते म्हणत, "आता तरुणांनी पुढे यावं," आणि तरुण पुढे आला की त्याचं काय काय चुकतं ते त्याला समजावून सांगत. मग तरुण मागे जाई. अच्युतरावांची बायको मालिनीबाई. त्यांची मुलगी ऋजुता. शाळेत कोणाला ऋजुता म्हणता येईना, म्हणून तिथे ती रूबी झाली होती.

रूबी रोज सकाळी अंगाला मेण चोळून काटे चापून बसवी. तसं केलं की ती लांबून पाणमांजरासारखी दिसे. तिच्या सगळ्या मैत्रिणी पाणमांजरी होत्या. अच्युतराव हे बघत आणि न बघितल्यासारखं करत. त्यांना ते लागे, पण बोलायचं कसं ते कळत नसे. मंडळात तासभर बोलणाऱ्या माणसाला घरात दोन वाक्यं जड जातात. माणसाला म्हणजे साळिंदराला.

आता त्या जंगलात बाहेरून आलेल्यांचे सण पुष्कळ होते. काही सण मात्र सगळ्या जंगलाचे झाले होते. पाणकोंबड्यांचा एक सण होता. त्या दिवशी जो तो शेपटीला हिरवं पान बांधी आणि आंबलेल्या बोरांचा रस पिऊन ओढ्यात पडे. आपल्या जुन्या तळ्यात पाणकोंबड्या त्या दिवशी प्रार्थना करून लवकर झोपत, पण हे आता त्यांनाही आठवत नव्हतं. सरडे एक जुनी लढाई साजरी करत. ती कोणाशी झाली, कोण जिंकलं, कोणाला काही ठाऊक नव्हतं. तिखट टोळ खायला सगळं जंगल लोटे. आणि मोर! मोर तर साळिंदरांच्याच मुलखाकडचे, शेजारच्या रानातले. त्यांनी एकमेकांवर परागकण उधळायचा सण काढला आणि सगळं जंगल पिवळंधमक होऊन नाचायला लागलं.

मोरांचं साळिंदरांच्या मनाला फार लागलं. पाणकोंबड्या परक्या, ते चालेल. पण मोर?

एकदा शाळेत मास्तरीणबाईंनी रूबीला विचारलं, "तुमचा सण कोणता गं?"

"विशेष काही नाही," रूबी म्हणाली. "आम्ही खोदतो."

हे अच्युतरावांच्या कानावर आलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या शरदात रूबी शिकायला पलीकडच्या डोंगरात जाणार होती. एकदा गेली की ती काय परत येते? आली तरी पाहुण्यासारखी येईल. अच्युतरावांना वाटलं, आपली कंदाष्टमी जर साऱ्या जंगलाची झाली, तर पोरीला तिची लाज वाटणार नाही. सगळं जंगल करतं म्हटल्यावर तीही करेल. एवढंच त्यांना हवं होतं. बाकी मंडळाला सांगताना त्यांनी 'संस्कृतीचा प्रसार' असं सांगितलं.

कंदाष्टमी म्हणजे काय, हेही सांगायला हवं. फार पूर्वी दुष्काळात एका साळिंदरिणीनं आठ दिवस आठ रात्री खोदलं. आठव्या दिवशी तिला एवढा मोठा कंद लागला की सारं गाव जेवलं. म्हणून त्या दिवशी कंद खोदायचा, त्याची खीर करायची, सगळ्यांना वाढायची. झालं. इतकी साधी गोष्ट आहे.

पण मंडळानं बैठक घेतली.

"दुसऱ्यांचे सण पसरतात आणि आपला का पसरत नाही?" अच्युतरावांनी विचारलं.

"कारण त्यांच्या सणांना अर्थ नाही," दामोदरपंत म्हणाले. हे मंडळाचे माजी अध्यक्ष. माजी झाल्यापासून ते जास्त बोलत. "आपल्या सणाला अर्थ आहे. तो नीट समजावून सांगितला पाहिजे."

"खीर जरा लवकर वाढली तर?" मालिनीबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे दयेनं बघितलं. मग अर्थ समजावून सांगण्यासाठी एक समिती नेमली. समितीनं अठ्ठेचाळीस पानांची स्मरणिका काढली. त्यातली एकोणचाळीस पानं शुभेच्छांची होती.

कंदाष्टमीच्या दिवशी सकाळी दहाला सगळं जंगल आलं. खरंच आलं हो! हरणं आली, ससे आले, रूबी आपल्या पाणमांजरींना घेऊन आली. प्रमुख पाहुणे म्हणून म्हातारं अस्वल होतं. खिरीचा वास सुटला होता. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मग दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. पाहुण्यांचा परिचय झाला. परिचय करून देणाऱ्याचा परिचय झाला. मग अच्युतराव प्रास्ताविकाला उभे राहिले. त्यांनी दुष्काळापासून सुरुवात केली. दुष्काळ का पडला, इथपर्यंत यायला त्यांना पाऊण तास लागला. ते मधूनमधून रूबीकडे बघत होते. आपल्या मुलीला आज कळेल आपण कोण आहोत, असं त्यांच्या मनात येत होतं, आणि असं मनात आलं की ते आणखी एक मुद्दा घेत.

हरणं सातव्या मुद्द्याला गेली. ससे आठव्याला. एक पाणमांजर रूबीच्या कानात काहीतरी म्हणाली. रूबीनं एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा झाकलेल्या खिरीच्या भांड्याकडे, आणि ती खाली मान घालून मैत्रिणींबरोबर उठून गेली.

अच्युतरावांनी ते बघितलं. पण अजून चार मुद्दे राहिले होते, ते त्यांनी पूर्ण केले.

आभारप्रदर्शन झालं तेव्हा मांडवात फक्त साळिंदरं उरली होती. आणि एक अस्वल. ते पहिल्या ओळीत बसल्याबसल्या गाढ झोपलं होतं. त्याला उठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून कोणी उठवलं नाही. झालं, मग साळिंदरं मागच्या बाजूला गोल करून बसली.

आता हे जरा हळू आवाजात सांगतो, कारण ही घरातली गोष्ट आहे. कुठलाही कार्यक्रम झाला की साळिंदरं अशी बसतात आणि काय काय चुकलं ते बोलतात. याला कोणी सणाचा भाग मानत नाही. पण खरं सांगायचं तर, त्याच्यासाठीच पुष्कळ जण येतात.

"खीर उत्तम," दामोदरपंत म्हणाले. "पण गेल्या वर्षीची खीर ती खीर होती."

"गाणं छान बसवलं होतंत. कोणतं होतं ते?"

"अच्युतराव, तुमचं प्रास्ताविक फारच अभ्यासपूर्ण. मी मधे घरी जाऊन आंघोळ करून आलो."

"दामोदरपंत, तुम्ही आंघोळ केलीत हा आजच्या दिवसाचा विशेष."

आवाज चढत गेले. काटे उभे राहिले. कोणीतरी अकरा वर्षांपूर्वी हरवलेल्या सतरंजीचा विषय काढला. एवढ्यात मागून जड आवाज आला.

"हे काय चाललंय?"

अस्वल उठून उभं होतं.

सगळे चिडीचूप झाले. आपण आपसात भांडतो हे परक्याला कळणं, यापेक्षा साळिंदराला मरण बरं वाटतं. सगळे अच्युतरावांकडे बघायला लागले. अच्युतराव चिटणीस होते. वेळ मारून नेणं हे त्यांचं कामच होतं.

"हा... हा आमचा मुख्य विधी," ते म्हणाले. "उणीदुणी. कंदाष्टमीला ज्यानं त्यानं दुसऱ्याची उणीदुणी त्याच्या तोंडावर काढायची. ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही. मग दोघांनी खीर खायची."

"आणि उद्या?"

"उद्या सगळं विसरायचं," अच्युतराव म्हणाले. आजपर्यंत एकही साळिंदर एकही गोष्ट विसरलं नव्हतं.

अस्वल दोन पावलं पुढे आलं. मग म्हणालं, "मी काढू?"

नाही कसं म्हणणार? अस्वल दामोदरपंतांसमोर जाऊन बसलं. "तुम्ही खोदलेलं माझं बीळ गळतं," ते म्हणालं. "सात वर्षं गळतंय. रोज तुम्ही वाटेत विचारता, कसं काय? आणि मी म्हणतो, मस्त." एवढं बोलून ते थांबलं, आणि एकदम हुंदके देऊन रडायला लागलं. "माझी बायको गेली. का गेली, असं मला एकानंही विचारलं नाही हो!"

"का गेली?" मालिनीबाईंनी विचारलं. त्यांना ते कधीचं विचारायचंच होतं.

मग अस्वलानं सगळं सांगितलं. मधे मधे साळिंदरांनी त्याचं कुठे कुठे चुकलं तेही सांगितलं, कारण त्यांना राहवेना. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं, चार वाट्या खीर खाल्ली आणि डोळे पुसत, हसत घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी अस्वलानं पाणमांजराला सांगितलं. पाणमांजरानं हरणाला. बाळांनो, त्या जंगलात झिंगून ओढ्यात पडायला सण होता, पिवळं व्हायला सण होता. पण 'तू मला आवडतोस, फक्त तुझ्या तोंडाला वास येतो' हे सांगायला एकही दिवस नव्हता. जंगल जणू त्याची वाटच बघत होतं. पुढच्या कंदाष्टमीला निम्म्या जंगलानं उणीदुणी काढली. त्याच्या पुढच्या वर्षी साऱ्या जंगलानं. खारींनी गवताचे काटे विकायला ठेवले. ते अंगाला बांधल्याशिवाय उणीदुणी काढणं अशुभ मानलं जाऊ लागलं. भेटपानं निघाली, त्यांवर लिहिलेलं असे, 'प्रिय आत्या, खरं सांगू का?'

कंद मात्र कुठेच नव्हता. खिरीऐवजी तळलेले बटाटे होते. ती खोदणारी साळिंदरीण कोणाच्या गावीही नव्हती.

दामोदरपंत चौकात अर्थ समजावून सांगायला गेले. एका सशानं त्यांना अडवलं.

"आजोबा, तुमचं चुकतंय. आधी काटे लावायचे असतात."

"मला आहेत की!"

"हे नव्हेत. ते खारींच्या दुकानात मिळतात ते."

दामोदरपंत तणतणत परत आले. मंडळानं सणाच्या विटंबनेचा निषेध करायचं ठरवलं. त्यासाठी जायफळवाले आणि वेलदोडेवाले बारा वर्षांनी एका मांडवाखाली बसले. ते दृश्य बघून जुन्या मंडळींना भरून आलं. मग निषेध 'तीव्र' असावा की 'जाहीर' यावर मतभेद झाले आणि मंडळं दोनाची तीन झाली.

थोड्याच दिवसांत अच्युतरावांना जुन्या जंगलातून धाकट्या भावाचं पत्र आलं. 'तुमच्याकडचा उणीदुणीचा सण आता आपल्याकडेही जोरात सुरू झाला आहे. काटे तिकडूनच मागवतो. इथल्यांना ती सफाई नाही.'

अच्युतरावांना हसावं की रडावं ते कळेना. हा विधी आपण वेळ मारून नेण्यासाठी रचला, हे एकट्या त्यांना माहीत होतं. म्हणजे साऱ्या मंडळालाच माहीत होतं, पण मंडळ आता तसं मानत नव्हतं. 'उणीदुणी : एक प्राचीन परंपरा' या विषयावर अच्युतरावांची ठिकठिकाणी व्याख्यानं होत. शाल मिळे. चौथ्या व्याख्यानानंतर त्यांनाही ती प्राचीन वाटू लागली.

पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते कुठे मिळालं होतं? रूबी डोंगरात शिकायला गेली होती. त्या प्रास्ताविकाबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. ती निरोप पाठवी, "कसं काय, बाबा?" अच्युतराव उलटा निरोप पाठवत, "मस्त. तू?" तीही मस्त असे. सारं जंगल एकमेकांशी खरं बोलायला लागलं होतं, आणि ते सुरू करणाऱ्याच्या घरात बारा महिने मस्त चाललं होतं. अच्युतराव शाली घडी करून ठेवत आणि उगाच दाराकडे बघत बसत.

त्या प्रास्ताविकानंतरच्या चौथ्या कंदाष्टमीला सकाळीच रूबी दारात उभी राहिली. मालिनीबाईंनी तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही.

"बाबा, बसा," ती म्हणाली. "मी उणीदुणी काढायला आलेय. मुद्दाम तेवढ्यासाठी आलेय."

अच्युतराव बसले.

तिनं जंगलाच्या भाषेत सुरुवात केली. दोन वाक्यं बोलली आणि अडली. एवढा राग त्या भाषेत मावेना. मग ती एकदम साळिंदरांच्या बोलीत बोलायला लागली. चार वर्षांत ती ही बोली बोलली नव्हती.

"तुम्ही सगळ्या जंगलाला कंदाष्टमी समजावली. मला कधी समजावलीत? मला नुसतं मंडळाच्या नाचात उभं करायचात. सात वर्षं मी वेल झाले होते, बाबा. खांबाला धरून उभी असायचे. ती कसली वेल होती, मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही!"

"भोपळ्याची," मालिनीबाई हळूच म्हणाल्या.

"मी रोज मेण लावायचे. तुम्हाला दिसत होतं. का लावतेस, असं एकदा तरी विचारायचंत ना! मी रोज वाट बघायचे, आज विचारतील, आज ओरडतील. तुम्ही इतिवृत्त लिहीत बसायचात."

ती तासभर बोलली. अच्युतरावांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. मालिनीबाई दाराला टेकून ऐकत होत्या, आणि या दोघांत कोण जास्त दमलंय ते त्यांना कळत नव्हतं.

शेवटी रूबी म्हणाली, "आता तुमची पाळी."

अच्युतरावांकडे यादी होती. चार वर्षांची होती. त्यांनी घसा साफ केला.

"त्या दिवशी तू उठून गेलीस," ते म्हणाले. "मला फार लागलं, बाळा. अजून लागतं." मग पुढची यादी त्यांनी सोडून दिली. "भाषण लांबलं होतं माझं. तू गेलीस ते बरोबर केलंस. मी असतो तर तिसऱ्या मुद्द्यालाच उठलो असतो."

मालिनीबाईंना धक्का बसला. संसारात त्यांनी पुष्कळ बघितलं होतं, पण अच्युतरावांनी स्वतःची चूक कबूल केलेली कधी बघितली नव्हती. काही बोललं तर ते शब्द मागे घेतील, या भीतीनं त्या घाईघाईनं आत गेल्या आणि खीर घेऊन आल्या. पहाटे उठून त्यांनी स्वतः कंद खोदला होता. सगळ्या जंगलात तेवढाच एक कंद त्या दिवशी खोदला गेला होता.

रूबी खाली बसली. तिनं वाटी तोंडाला लावली. बाप आणि आई दोघंही श्वास रोखून बघत होते.

रूबीनं एक घोट घेतला. जरा थांबली. दुसरा घोट घेतला.

"आई, खीर पातळ झालीय," ती म्हणाली. "आणि गोडाला कमी आहे."

मालिनीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी अच्युतरावांकडे वळून बघितलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "पोरगी आपलीच आहे हो."

तात्पर्य : आपला सण साऱ्या जगानं साजरा करावा असं वाटत असेल, तर त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगू नये. जे पाहुण्यांपासून झाकून ठेवावंसं वाटतं, तेवढंच उघड्यावर मांडावं. जग बरोबर तेच उचलतं. बाकीची उज्ज्वल परंपरा समितीच्या हवाली करावी, म्हणजे ती सुरक्षित राहते आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाही. हे तात्पर्य जरा लांबलं आहे याची आम्हाला कल्पना आहे. त्याबद्दलच्या सूचना मागच्या बाजूला, गोल करून बसल्यावर द्याव्यात.